पृथ्वीचा ताप आणि आमची वस्ती : कारणे, परिणाम व उपाय

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ऊन म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. चैत्र सरत आला की दुपारी रस्ते ओस पडतात. नवतपा लागला की चिटपाखरूही बाहेर दिसत नाही. पारा ४५ अंशांवर गेला तरी आपल्याकडे कोणाला त्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. त्यामुळे 'जागतिक तापमानवाढ' हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी पुष्कळ लोक म्हणतात, "आमच्याकडे तर पहिलेपासूनच तापते, त्यात नवीन ते काय?"

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समाजबांधवांना व विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांना मिळावे, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पृथ्वीचा हा ताप निसर्गाने आणलेला नाही, तो मानवनिर्मित आहे. दुसरे असे की, तो निर्माण करण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी आहे त्यांनाच त्याची झळ सर्वांत जास्त बसते. म्हणून हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा नाही, तो समतेचाही प्रश्न आहे.

तापमानवाढ म्हणजे काय?

सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते, जमीन तापते आणि ती उष्णता परत आकाशाकडे सोडली जाते. हवेतील काही वायू ही परत जाणारी उष्णता अडवून धरतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड व पाण्याची वाफ हे त्यांपैकी प्रमुख होत. थंडीच्या रात्री आपण वाकळ पांघरतो. वाकळ स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, आपल्याच अंगाची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही. हे वायूही तेच काम करतात. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात.

हा परिणाम मुळात वाईट नाही. हे वायू हवेत नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश राहिले असते. ते आहेत म्हणून ते सुमारे १५ अंश राहते व जीवसृष्टी टिकते. वाकळ असणे हा प्रश्न नाही. मे महिन्यात कोणी आपल्या अंगावर एकावर एक वाकळी टाकत जावे, तसा प्रकार आज चालला आहे, हा प्रश्न आहे.

हा शोध काही कालपरवाचा नाही. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात साध्या हवेच्या नळीपेक्षा अधिक तापते, हे अमेरिकेतील युनिस फूट या महिलेने १८५६ मध्ये प्रयोग करून दाखविले. १८५९ मध्ये जॉन टिंडाल यांनी त्यामागील गुणधर्म मोजला. कोळशाच्या वापराने पृथ्वी तापू शकते, याचे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची रोज मोजणी होत आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ मध्ये तो ४२० भागांच्या वर गेला. त्याच वर्षी जगाचे सरासरी तापमान यंत्रयुगापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने अधिक नोंदले गेले. भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

"दीड अंशाने काय होते?" असे कोणी विचारील. माणसाच्या अंगाचे तापमान ३७ अंश असते. ते साडेअडतीस झाले की आपण अंथरूण धरतो. पृथ्वीच्या बाबतीतही सरासरीतला छोटा फरक मोठी उलथापालथ करतो.

येथे दोन गोष्टींबाबत सावध राहावे. पहिली, एखाद्या दिवसाचे ऊन हा तापमानवाढीचा पुरावा नव्हे. हवा रोज बदलते, हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली व ती बातमी गावोगाव पसरली. पुढे ते उपकरण सदोष असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. म्हणून बातमी ऐकली की तपासून पाहावी. दुसरी, ओझोनच्या थरातील छिद्र आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओझोनला मारक असलेले वायू कमी करण्याचा करार १९८७ मध्ये माँट्रियल येथे झाला, जगाने तो बऱ्याच अंशी पाळला आणि तो थर आता हळूहळू भरून येत आहे. जगातील देशांनी मनावर घेतले तर मानवनिर्मित संकट मानवाला मागेही घेता येते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

कारणे

(१) कोळसा : आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून तयार होते. आपल्या शेजारी चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र सुमारे २,९०० मेगावॅट क्षमतेचे आहे. कोराडी, खापरखेडा व मौदा येथील केंद्रेही दूर नाहीत. कोळशापासून एक युनिट वीज तयार होताना जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

(२) पेट्रोल, डिझेल व गॅस : एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो व एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर पेट्रोलचे वजन एक किलोही नसते, मग वायू दोन किलो कसा, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. इंधनातील कार्बनला हवेतील प्राणवायू येऊन मिळतो व त्याचे वजन त्यात भर घालते, हे त्याचे उत्तर होय.

(३) शेती, गुरे व कचरा : युरियासारखी नत्रयुक्त खते गरजेपेक्षा जास्त टाकली की पिकाला न लागलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. तो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शेकडो पट उष्णता अडवितो. धानाची पाणी साचलेली शेते, गुरांचे रवंथ करणे व नगरपालिकांचे कचऱ्याचे ढीग यांतून मिथेन निघतो.

(४) जंगलतोड : झाड हवेतील कार्बन आपल्या खोडात साठविते. जंगल तोडले की साठवणही जाते आणि साठविलेला कार्बनही हवेत परत जातो.

(५) सिमेंट व पोलाद : चुनखडी भाजून सिमेंट करताना खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पोलादाच्या भट्टीतही कोळसा लागतो.

आता हा धूर कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील माणसामागे वर्षाला सरासरी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे. भारतातील माणसामागे तो सुमारे दोन टन आहे. ही झाली सरासरी. भारतातही वातानुकूलित बंगल्यात राहणारा व दोन मोटारी बाळगणारा, आणि एका दिव्यावर व एका पंख्यावर संसार चालविणारी शेतमजूर बाई, या दोघांचा वाटा सारखा कसा असेल? तेव्हा "आपण सर्वांनीच निसर्गाचा नाश केला" असे सरसकट म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण ते सत्य नव्हे.

परिणाम

(१) उन्हाची लाट : मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर असून ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, किंवा पारा ४५ अंशांवर गेला, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. ४७ अंशांवर गेल्यास ती तीव्र लाट. आपल्या विदर्भात हे आकडे नवे नाहीत. परंतु सरासरीच वर सरकल्याने असे दिवस वाढतात आणि रात्रीही गार होत नाहीत. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक घातक ठरते. टिनाच्या घरात राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पत्रा दिवसभर तापतो आणि झोपायची वेळ झाली तरी घर भट्टीसारखे असते.

(२) पावसाचे बिघडलेले गणित : हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस लांबतो, आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील व इतर शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तो चार महिन्यांत विभागून पडला तर कपाशी, सोयाबीन, तूर तिन्ही पिके साधतात. तोच दोन-चार दिवसांत पडला आणि मग तीन आठवडे उघाड राहिली, तर वर्षाची सरासरी कागदावर भरते, पण शेतकरी बुडतो. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत हिंगणघाट व समुद्रपूर भागाने हे पाहिले. वर्धा आणि वणा नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचून राहते, मुळ्या सडतात व दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो.

(३) अवकाळी व गारपीट : फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील हरभरा, गहू व संत्र्याचे मोठे नुकसान केले. आपल्याकडे कारंजा, आष्टी व आर्वी हे संत्र्याचे तालुके आहेत. बहार धरण्याच्या वेळी हवेत थोडा बदल झाला तरी पूर्ण वर्ष हातचे जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक संकट हवामानाच्या माथी मारणे योग्य नाही. २०१७ मध्ये विदर्भातील कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली, त्याचे मुख्य कारण बीटी वाणाविरुद्ध अळीत निर्माण झालेली प्रतिकारशक्ती हे होते. शेतमालाचा भाव, कर्ज व सिंचनाचा अभाव ही दुःखेही तापमानवाढीच्या आधीपासूनची आहेत. तापमानवाढ या जुन्या दुःखांवर नवीन ओझे टाकते.

(४) ज्याचा पंचनामा होत नाही असे नुकसान : ही बाब आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. अतिवृष्टी झाली की तलाठी पंचनामा करतात आणि ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला मदत मिळते. ती पुरेशी नसते, उशिरा येते, हे खरेच. पण ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याचे काय? वावरात पाणी साचले की निंदणाचे काम बंद. बोंडे सडली की वेचणी बंद. निंदण-वेचणीवर ज्या मायमाउलीचा संसार चालतो तिची महिनाभराची रोजी बुडते आणि त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. जे मक्त्याने वा बटईने शेती करतात, त्यांचे नुकसान त्यांचे आणि मदत मात्र मालकाच्या खात्यात, असे घडते. आपल्या समाजातील फार मोठा वर्ग आजही भूमिहीन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न किती जवळचा आहे ते कळते.

तसेच वस्तीच्या जागेचाही विचार करावा. गावाच्या जुन्या रचनेत आपल्या वस्त्या गावाबाहेर, पुष्कळदा नाल्याकाठी व सखल भागात वसविल्या गेल्या. आज नाल्याला पूर आला की पाणी आधी तेथेच शिरते. ज्या विषमतेने जागा ठरविली, तीच विषमता पुराचे पाणीही वाटते.

(५) आरोग्य : उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांवर, म्हणजे १०४ फॅरनहाइटवर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, चक्कर येऊन पडतो. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया व उन्हात अंगमेहनत करणारे यांना धोका सर्वांत जास्त असतो. आपल्याकडील कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातील किती पाणी गेले हे कळतच नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तेथे कमी तापमानातही धोका असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भरदुपारी झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर १४ लोक मृत्युमुखी पडले. तो दिवस आपण विसरता कामा नये, कारण आपले मोठे कार्यक्रमही एप्रिल व मे महिन्यांतच येतात. १४ एप्रिलची जयंती आणि वैशाखातील बुद्ध पौर्णिमा या दिवशी म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया श्रद्धेने तासन्‌तास बसून असतात. त्यांच्या जिवाची जबाबदारी आयोजकांची आहे.

"त्यात नवीन ते काय?" या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ऊन जुनेच आहे. पण त्याचे दिवस वाढत आहेत, रात्रीचा विसावा कमी होत आहे, पावसाचा भरवसा जात आहे आणि हे सर्व सहन करण्याची ज्यांची ऐपत सर्वांत कमी त्यांच्यावर ते येऊन पडत आहे. हे नवीन आहे.

जुन्या काळाकडे परत जावे काय?

तापमानवाढीवर बोलताना काही मंडळी म्हणतात की, यंत्रे व वीज हेच पापाचे मूळ, म्हणून जुन्या साध्या ग्रामजीवनाकडे परत जावे. हा विचार आपल्या जिल्ह्याला परिचित आहे. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचे कार्य पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गाची साठवण संपविणाऱ्या अर्थव्यवस्थेविरुद्ध फार पूर्वी इशारा दिला होता. कोळसा व खनिज तेल ही संपणारी साठवण आहे, हा त्यांचा मुद्दा आज सर्व जगाला पटतो आहे. तो मान्य करण्यात आम्हाला कोणताही संकोच नाही.

परंतु जुने खेडे हा त्यावरील उपाय, हे मात्र आम्हाला मान्य नाही. ज्या खेड्यात सार्वजनिक विहिरीवर आपल्याला पाणी भरू दिले जात नव्हते, त्या खेड्याची ओढ आपल्याला का वाटावी? पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, हा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी, १९४४ चे केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ व १९४५ चा केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग ही त्यांच्या कारकिर्दीतील कामे होत. स्वस्त व मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबाची दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची भूमिका होती. पाणी व वीज यांचे नियोजन शास्त्राने व सर्वांच्या हितासाठी व्हावे, ही दृष्टी आजही उपयोगी आहे.

म्हणून आपली मागणी वीज नको अशी नाही. वीज हवी, पण ती धुराविना हवी आणि आधी ज्याच्या घरी अंधार आहे त्याला हवी, अशी आपली मागणी आहे.

उपाय

(अ) घरी व वस्तीत करावयाचे उपाय : टिनाच्या छपरावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा वा पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवितो व आतील तापमान काही अंशांनी उतरते. पत्र्याखाली तुराट्यांचा वा बांबूच्या तट्ट्यांचा थर दिला तरी फरक पडतो, मात्र चुलीपासून तो दूर ठेवावा. दारापुढे, विहारापुढे व शाळेपुढे कडुनिंब, पिंपळ, वड, करंज, चिंच अशी गर्द सावलीची झाडे लावावीत. झाड लावताना काढलेला फोटो पुरेसा नाही, तीन उन्हाळे त्याला पाणी घालणारा माणूस नेमावा. आणखी एक हिशेबही ध्यानात ठेवावा. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड घेते. स्वयंपाकाच्या गॅसचे एक सिलिंडर जळले की सुमारे ४२ किलो तयार होतो. म्हणजे झाडे हवीतच, पण केवळ झाडे लावून हा प्रश्न सुटणार नाही. कोळसा व तेल जाळणेच कमी करावे लागेल.

(आ) शेतीतील उपाय : माती परीक्षण करून जेवढे लागते तेवढेच खत द्यावे, खर्चही वाचतो. पऱ्हाट्या व सोयाबीनचे कुटार धुऱ्यावर पेटवू नये. यंत्राने बारीक करून ते वावरातच कुजवावे, म्हणजे जमिनीत ओल अधिक काळ टिकते. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केल्यास जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते व उघाडीत ओल राहते. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वर्धा जिल्ह्यातील गावेही होती. त्या गावांतील अनुभव इतरांनी जाऊन पाहावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना विहीर, पंप व ठिबकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून अनुदान मिळते. सौर कृषी पंपाच्या राज्य योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. घराच्या छपरावरील सौर संचासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या योजनेत कमाल ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. या योजनांची माहिती वस्तीत पोहोचत नाही, हे आपले मोठे दुखणे आहे. शिकलेल्या मुलांनी पंचायत समिती व महावितरणच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी व किमान दहा घरांचे अर्ज भरून द्यावेत.

(इ) संस्था व मंडळांनी करावयाचे उपाय : एप्रिल-मे महिन्यांतील सभा व मिरवणुका सकाळी दहाच्या आत किंवा सूर्यास्तानंतर ठेवाव्यात. मंडप, पाणी, मीठ-साखरेचे पाणी व प्रथमोपचाराची सोय नसेल तर कार्यक्रम घेऊ नये. पाहुणे उशिरा आले तरी लोकांना उन्हात बसवून ठेवू नये. प्रत्येक वस्तीत पाणपोई असावी आणि विहार दुपारी उघडे ठेवावे, म्हणजे टिनाच्या घरातील वृद्धांना व बाळंतिणींना तेथे विसावता येईल. यासाठी फार पैसा लागत नाही, एका माणसाकडे किल्ली व एका माणसाकडे माठ भरण्याचे काम द्यावे लागते.

उष्माघाताचा रोगी आढळल्यास त्याला ताबडतोब सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. नुसता थकवा असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा छोटा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे.

(ई) शासनाकडे करावयाच्या मागण्या : अहमदाबाद शहरात मे २०१० च्या लाटेत मोठी जीवितहानी झाली, त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णतेसाठी कृती आराखडा तयार झाला. इशारा देणे, पाणी पुरविणे, दवाखाने सज्ज ठेवणे अशी त्याची रचना आहे. नागपूरनेही पुढे तसा आराखडा केला. असा आराखडा केवळ शहरापुरता न राहता खेड्यातील शेतमजुरापर्यंत पोहोचला पाहिजे. उन्हाळ्यात मजुरीची वेळ सकाळी लवकर सुरू करून दुपारी बारा ते चार सुटी असावी व त्यासाठी रोजी कापली जाऊ नये. अतिवृष्टीत बुडालेल्या रोजीची भरपाई भूमिहीन मजुरालाही मिळावी. घरकुल योजनेतील घराच्या छपराचा विचार उन्हाच्या दृष्टीनेही व्हावा. नाल्याकाठच्या वस्त्यांना संरक्षक भिंत किंवा सुरक्षित जागा मिळावी. ग्रामसभेत हे ठराव लेखी मांडावेत व नोंदवून घ्यावेत. तोंडी तक्रार हवेत विरते.

(उ) जागतिक पातळीवरील उपाय : १९९२ मध्ये रिओ येथे झालेल्या परिषदेत, जबाबदारी सर्वांची असली तरी ती सारखी नाही, हे तत्त्व जगाने मान्य केले. ज्याने जास्त धूर केला त्याने जास्त भार उचलावा, हा त्याचा अर्थ होय. १९९७ चा क्योटो करार व २०१५ चा पॅरिस करार हे पुढचे टप्पे. अमेरिकेने पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा निर्णय २०१७ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये घेतला, यावरून श्रीमंत देशांची अनास्था दिसते. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. २०२५ मध्ये देशातील वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता सौर, पवन, जल व अणू या मार्गांची झाली. प्रत्यक्ष विजेत मात्र कोळशाचा वाटा अजून फार मोठा आहे. तेव्हा जगात भारताने गरीब देश म्हणून जो न्याय मागावा, तोच न्याय भारताने आपल्या देशातील गरिबालाही द्यावा, असे आमचे मत आहे.

विद्यार्थ्यांना विनंती

आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम सुचवितो. येत्या नवतप्यात एक साधा तापमापक घ्या. रोज दुपारी तीन वाजता आणि रात्री नऊ वाजता टिनाच्या घरात, स्लॅबच्या घरात आणि कडुनिंबाच्या सावलीत तापमान मोजा व वहीत लिहून ठेवा. नऊ दिवसांनी ती वही ग्रामसभेत, शाळेत व विहारात वाचून दाखवा. पांढरा रंग दिलेल्या व न दिलेल्या पत्र्यातील फरकही मोजा. 'आमच्याकडे तर तापतेच' असे म्हणणाऱ्याला ती वही उत्तर देईल आणि मागणी करणाऱ्याच्या हाती ती पुरावा म्हणून राहील.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले तर दुःखही दूर होते, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. पृथ्वीच्या तापालाही कारण आहे. ते दैव नाही, कोणाचा कोप नाही, म्हणून नवस-उपासाने तो उतरणार नाही. कारण समजून घेणे, आपल्या हातचे काम आजच सुरू करणे आणि जे शासनाच्या हातचे आहे ते संघटितपणे मागणे, हाच मार्ग आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या वस्तीतील निदान एका पत्र्याला चुना लागावा, एका विहाराचे दार दुपारी उघडे राहावे आणि एका ग्रामसभेत मजुरांच्या बुडालेल्या रोजीचा ठराव मांडला जावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही हा लेख येथे पुरा करतो.